फ्रीझरमधून आलेली शीर

इअरफोन घरी विसरलेत, किंवा ऑफिसात आवाज न करता ऐकायचंय, अशा सगळ्यांसाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे' झाले ते बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आपण इथे एरवी किल्ले, लढाया, जुनी शहरं यांच्यावर बोलतो. आजचा इतिहास मात्र माझ्या उजव्या गुडघ्यातून सुरू होतो. कॉलेजला असताना, बाविसाव्या वर्षी, फुटबॉल खेळताना माझं एसीएल तुटलं. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरकं जाणारं ते प्रसिद्ध लिगामेंट, जे तुटलं की क्रिकेटपटू सहा-आठ महिने गायब होतात. तेव्हा मांडीच्या मागची एक शीर काढून डॉक्टरांनी ते नवीन बनवलं. सहा वर्षं चाललं. मग गेल्या जूनमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर बॉक्स क्रिकेट खेळताना, साधी एक धाव घेताना वळलो आणि आतून 'टक्' आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला एमआरआयची गरज नसते.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला गुडघ्याचं चित्र काढलं. म्हणाले, "उजव्या पायाची मागची शीर आपण आधीच वापरली. आता एकतर डाव्या पायाची घेऊ, किंवा याच गुडघ्याच्या वाटीखालची घेऊ. किंवा मग डोनरची."

"डोनर म्हणजे?"

"गेलेल्या माणसाची. टिश्यू बँकेतून येते. फ्रोझन."

संध्याकाळी मिरजेला आईला फोन केला. ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "कुणाची?" मी म्हटलं, आई, त्याच्यावर फक्त नंबर असतो. तर म्हणे, "नंबर असू दे रे. पण कुणाची तरी असेल ना?"

विचार करायला मला दोन आठवडे दिले होते. मी कोड लिहून पोट भरतो, डॉक्टर नाही. पण एखादी सिस्टीम आपल्या अंगात बसवायची असेल तर तिचे जुने लॉग वाचल्याशिवाय मला झोप लागत नाही. तेव्हा जे वाचलं, ते आज सांगतो.

आधी एक मिनिट शरीरशास्त्र. हाडाला हाड बांधतं ते लिगामेंट. स्नायूला हाडाशी बांधतं ते टेंडन. बोलीत दोन्हीला आपण 'शीर'च म्हणतो, आणि सर्जनही एका अर्थी तेच करतात : लिगामेंट तुटलं की त्या जागी टेंडन बसवतात. तुटलेलं एसीएल आपलं आपण सहसा जुळत नाही. ते सांध्याच्या पाण्यात असतं, दोन टोकांच्या मध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळीच नाही तर भरून येणार कशावर? म्हणून दुसरीकडून दोरी आणायची.

हे कळायला माणसाला वेळ लागला. १८९५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला आर्थर मेयो रॉब्सन नावाच्या सर्जनने एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराची तुटलेली लिगामेंट्स चक्क टाके घालून जोडली. तो माणूस पुन्हा कामावर गेला, पण टाक्यांचा मार्ग पुढे सगळ्यांना फळला नाही. मग १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पडदा असतो ना, त्याची पट्टी काढून हाडात बोगदा पाडून ओवली. आज माझ्या गुडघ्यात जे करतात त्याचा आराखडा तिथलाच. बोगदा पाडा, पट्टी ओवा, घट्ट करा.

पण ही उसनवारी आपल्याच घरातली. ज्या खोलीतून सामान काढलं ती खोली रिकामी होते. माझ्या मांडीची मागची ताकद सहा वर्षांत पूर्ण परत आली नाही. जिमला कधी गेलोच तर डावा-उजवा फरक मला स्वतःला जाणवतो. मग दुसऱ्याकडून घेतलं तर?

या प्रश्नाची सुरुवात शिरेपासून नाही, हाडापासून झाली. १८८० च्या सुमारास ग्लासगोमध्ये विल्यम मॅकएवेन यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता, ज्याच्या दंडाचं हाड जंतुसंसर्गाने गेलं होतं. त्याच वेळी मॅकएवेन मुडदुसामुळे पाय वाकलेल्या मुलांच्या नडगीतून पाचरीसारखे तुकडे काढून पाय सरळ करत होते. ते टाकाऊ तुकडे त्यांनी या मुलाच्या दंडात बसवले. हात वाचला. म्हणजे नोंदीतला पहिला यशस्वी हाडदाता मेलेला नव्हता, शेजारच्या खाटेवर सरळ पाय घेऊन पडलेला होता. हे वाचून मी आईला लगेच मेसेज केला. तिने फक्त अंगठा पाठवला.

जर्मनीत एरिख लेक्सर त्याच्या पुढे गेले. १९०८ मध्ये त्यांनी दुसऱ्या माणसाचे अख्खे गुडघे बसवल्याचं लिहिलं. नुकतेच कापलेले पाय, नुकतेच मेलेले देह, तिथून सांधा काढायचा आणि आखडलेल्या गुडघ्याच्या जागी ठेवायचा. त्यातले बरेच पुढे खचले. पण एक अडचण स्पष्ट झाली : ज्या दिवशी रुग्णाला हवं त्याच दिवशी दाता मिळाला पाहिजे. साठवता आलं तरच यातून काही होणार.

१९४२ मध्ये क्यूबात हवानाच्या अल्बेर्तो इन्क्लान यांनी थंडीत जपून ठेवलेलं हाड वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आणि १९४९ मध्ये अमेरिकन नौदलाने बेथेस्डाला टिश्यू बँक काढली, जॉर्ज हायट नावाच्या सर्जनच्या पुढाकाराने. गोठवून सुकवणं, निर्जंतुक पद्धतीने काढणं, दात्याची नोंद ठेवणं, ही शिस्त तिथे बसली. लष्कराने आणलेली ही शिस्त आहे. कोठार, नोंदवही, शिक्का. एरवी ज्या कारकुनीला आपण नाकं मुरडतो ती.

आता तुमच्या मनात आलंच असेल, की किडनी दुसऱ्याची बसवली तर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, मग शीर कशी चालते? कारण शिरेत मुख्यतः कोलॅजनचे धागे असतात आणि ते माणसामाणसांत जवळपास सारखे. शरीर ज्यांच्यावर चिडतं त्या पेशी गोठवताना मरतात. उरतो तो सांगाडा. रक्तगट जुळवायला नको, गोळ्या नकोत. पुढे जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटलं. या मेलेल्या सांगाड्यात हळूहळू रुग्णाच्या स्वतःच्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या येतात, आणि टेंडनचं रूपांतर लिगामेंटसारख्या गोष्टीत व्हायला लागतं. १९८६ मध्ये ॲमिएल आणि सहकाऱ्यांनी सशांवरच्या कामात याला 'लिगामेंटायझेशन' म्हटलं. शीर आपली स्वतःची असली तरी हेच होतं, कारण जागेवरून काढली की तिच्याही पेशी मरतात. फरक वेगाचा. दात्याच्या शिरेत हे काम सावकाश चालतं. ही 'सावकाश' गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती माझ्या निर्णयात येणार आहे.

शिरेवर थेट काम करणाऱ्यांत अमेरिकेचे अर्ल पीकॉक आधीचे. साठच्या दशकात त्यांनी मृतदेहातून बोटाची अख्खी शीर तिच्या आवरणासकट काढून जखमी हातात बसवली. गुडघ्यासाठी मात्र जपानकडे बघावं लागतं. ओसाकाचे कोन्सेई शिनो यांनी १९८४ मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग छापले : स्वतःची शीर आणि दुसऱ्या कुत्र्याची शीर यांत ठळक फरक दिसला नाही. त्याच दशकात त्यांनी माणसांवरही गोठवलेल्या शिरा वापरल्या. त्याच काळात कार्बन फायबर, गोर-टेक्स अशी कृत्रिम लिगामेंट्स येऊन गेली. ती सांध्यात झिजली, भुगा झाला, गुडघे सुजले. त्यामुळे लोक पुन्हा माणसाच्या शिरेकडे वळले.

आणि इथून लॉग लाल व्हायला लागतात.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की नंतर बसून एक कागद लिहितात, काय झालं, का झालं. त्याला आम्ही 'पोस्टमॉर्टेम' म्हणतो. आजवर त्या शब्दाचं मला काही वाटलं नव्हतं. हा इतिहास वाचताना वाटलं.

ऑक्टोबर १९८५. अमेरिकेत २२ वर्षांचा एक तरुण गोळी लागून ३२ तासांनी मेला. एचआयव्हीची चाचणी त्याच वर्षी सुरू झाली होती आणि त्याची चाचणी निगेटिव्ह आली. पण ती चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या बनायला काही आठवडे जातात. तो तरुण त्याच मधल्या फटीत होता. त्याचे अवयव आणि टिश्यू मिळून ५८ गोष्टी वाटल्या गेल्या. प्रकार उघडकीला आला सहा वर्षांनी, १९९१ मध्ये. ज्यांना अवयव मिळाले ते चौघेही बाधित. ज्यांना प्रक्रिया न केलेलं गोठवलेलं हाड मिळालं ते तिघेही बाधित. धुतलेलं, अल्कोहोलमधून काढलेलं किंवा सुकवलेलं ज्यांना मिळालं, त्यांच्यापैकी तपासलेल्यांत कुणीही नाही. माहिती भयंकर होती, पण तिच्यात उत्तरही होतं : नुसतं गोठवून भागत नाही. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने टिश्यू बँकांवर पहिले सक्तीचे नियम घातले.

मग धुवायचं कशाने? इथिलीन ऑक्साइड वायू वापरून बघितला. १९९० मध्ये डग्लस जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी छापलं की असे ग्राफ्ट बसवलेल्या १०९ रुग्णांपैकी ७ जणांचे गुडघे सुजून राहिले आणि ग्राफ्ट काढल्यावरच शांत झाले. वायूचे अंश आत उरत होते. तो रस्ता बंद झाला.

पुढची गोष्ट खास शिरेची आहे, आणि मी इथेच सर्वांत जास्त वेळ अडकलो. २००२ मध्ये ओरेगनच्या एका डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. गुडघ्यात दात्याची वाटीखालची शीर बसवून सहाएक आठवडे झाले होते आणि त्याला हेपेटायटिस सी झाला होता. दाता ऑक्टोबर २००० मध्ये गेलेला, चाचणी निगेटिव्ह, पुन्हा तीच अँटिबॉडीवाली फट. शोध सुरू झाला. या एका देहातून २२ महिन्यांच्या काळात ४० माणसांना काही ना काही मिळालं होतं. ज्यांच्याबद्दल नक्की सांगता आलं अशा ३० जणांपैकी ८ जणांना लागण झालेली. अवयवाचे तिघंही. हाडासकट शीर मिळालेले तिघंही. नुसती शीर मिळालेल्या तिघांपैकी एक. एक शिरांच्या रक्तवाहिनीवाला. आणि किरणोत्सर्ग दिलेलं हाड मिळालेले सोळाच्या सोळा स्वच्छ.

बावीस महिने! ही फाइल वाचताना मी टेबलावरून उठून गॅलरीत गेलो. किडनी त्याच दिवशी लागते. शीर मात्र फ्रीझरमध्ये थांबते, वर्ष, दीड वर्ष. म्हणजे साठवता येणं, ज्याच्यासाठी लेक्सरपासून सगळे झटले, त्याच सोयीने एक चूक दोन वर्षं वाटत राहिली. उलट, थांबता येतं म्हणूनच पुन्हा तपासायला वेळही असतो. २००५ पासून अमेरिकेतल्या टिश्यू बँकांच्या संघटनेने अँटिबॉडीबरोबर थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी सक्तीची केली. फट पूर्ण बुजली नाही. खूप अरुंद झाली.

याच सुमाराची आणखी एक. नोव्हेंबर २००१, मिनेसोटा. २३ वर्षांचा तरुण, गुडघ्याची ठरलेली सर्जरी, दात्याचं हाड आणि कूर्चा. काही दिवसांत तो गेला. क्लॉस्ट्रिडियम नावाचा जंतू होता. दात्याचा देह मृत्यूनंतर १९ तास शीतगृहाबाहेर होता आणि त्या वेळात आतड्यातले जंतू पसरतात. त्या तपासात एकाच कंपनीने प्रक्रिया केलेल्या टिश्यूंमधून क्लॉस्ट्रिडियमची लागण झालेले एकूण १४ रुग्ण सापडले. माझ्यासारखाच, पायांवर उड्या मारत दवाखान्यात गेलेला पोरगा. जीव वाचवायला नव्हे, खेळायला परत जायचं म्हणून.

आणि मग आईच्या प्रश्नाचं सगळ्यात वाईट उत्तर. न्यू जर्सीत मायकल मास्ट्रोमरिनो नावाचा माजी दंतशल्यचिकित्सक बायोमेडिकल टिश्यू सर्व्हिसेस नावाची कंपनी चालवायचा. अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानदारांना पैसे देऊन तो घरच्यांना न विचारता देहांतून हाडं आणि शिरा काढून घ्यायचा. पाय पोकळ दिसू नयेत म्हणून आत प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप. हजाराहून जास्त देह. त्यात बीबीसीवर १९४६ पासून 'लेटर फ्रॉम अमेरिका' सादर करणारे ॲलिस्टर कुक होते. ते २००४ मध्ये ९५ व्या वर्षी कॅन्सरने गेले, कॅन्सर हाडांत पोचला होता. कागदावर लिहिलं, वय ८५, कारण हृदयविकार. २००५ मध्ये प्रकरण फुटलं, २००८ मध्ये मास्ट्रोमरिनोला १८ ते ५४ वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये तो मेला. कोठार होतं, नोंदवही होती, शिक्का होता. नोंदच खोटी होती. इथे विज्ञानाचं काही चुकलं नव्हतं. 'कुणाची' या रकान्यात कुणीतरी मनाला येईल ते लिहिलं होतं, आणि पुढच्या प्रत्येकाने त्यावर विश्वास ठेवला.

मग सरळ सगळंच किरणोत्सर्गाने निर्जंतुक का करत नाहीत? ते सोळा लोक वाचलेच ना? करतात. पण गॅमा किरण जंतूंबरोबर कोलॅजनचे धागेही तोडतात. हाडाला ते बरंच चालतं. शिरेला नाही, कारण तिचं काम ताण सोसणं हेच आहे. डोस वाढवा, शीर कमजोर. कमी करा, धोका उरतो. यात मधला आकडा शोधणं हाच गेल्या तीस वर्षांचा उद्योग आहे.

आपल्याकडे या उद्योगाचा एक धागा मुंबईतून जातो, हे मला माहीतच नव्हतं. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने उभी राहिलेली. गर्भावरणाची पातळ पट्टी आणि हाड सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करणं हे तिचं काम. अवयवदानाचा कायदा आपल्याकडे १९९४ चा. पण २०११ च्या दुरुस्तीपर्यंत त्याच्या नावात 'टिश्यूज' शब्दच नव्हता. बाकी दानाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येक पोस्टरवर दधीची ऋषी येतात. मला ती कथा आवडते, पण दधीचींना स्वतः विचारलं होतं आणि त्यांनी स्वतः होकार दिला होता, हा त्यातला महत्त्वाचा भाग पोस्टरवर छापत नाहीत.

तर माझा गुडघा. रोगांची भीती वाचून वाचून वाढली होती, पण खरं सांगायचं तर आजच्या चाचण्यांनंतर ती शक्यता फार कमी आहे. निर्णय फिरला तो दुसऱ्याच कागदावर. हवाईतल्या ट्रिपलर आर्मी मेडिकल सेंटरमध्ये क्रेग बॉटोनी आणि सहकाऱ्यांनी १०० गुडघे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. अर्ध्यांना स्वतःची मांडीची शीर, अर्ध्यांना दात्याची गोठवलेली, किरणोत्सर्ग न दिलेली शीर. बहुतेक सैनिक, सरासरी वय २९ च्या आसपास. दहा वर्षांनी मोजलं. स्वतःच्या शिरेचे ४ ग्राफ्ट निकामी, दात्याच्या शिरेचे १३. तीच ती 'सावकाश' भानगड. वेदना कमी म्हणून तरुण माणूस लवकर पळायला लागतो आणि आतली दोरी अजून त्याची झालेली नसते.

माझं वय २८. बॉक्स क्रिकेट सोडणार नाही हे मला आणि डॉक्टरांना दोघांनाही माहीत होतं. मी त्यांना फोनवर म्हटलं, "वाटीखालची घ्या." ते म्हणाले, "गुडघे टेकून बसताना दुखेल काही महिने." म्हटलं, देवघर माझ्याकडे तसंही नाही.

आता फिजिओला जातो. शेजारच्या टेबलावर साताऱ्याकडचे एक काका असतात, पन्नाशीतले. मोटारसायकलवरून पडले आणि गुडघ्याची तीन लिगामेंट्स एकदम गेली. एवढ्या शिरा स्वतःच्या अंगातून काढायच्या तर चांगला पायही अधू होणार. अशा गुडघ्यासाठीच दात्याची शीर लागते, आणि त्यांना टाचेमागची जाड शीर बसवलीय. बरे चालतात. मागच्या आठवड्यात आई आली होती, बाकावर बसून आमचे व्यायाम बघत होती. काकांशी गप्पा झाल्या आणि माझी खात्री होती तसंच, पाचव्या मिनिटाला तिने विचारलं, "कुणाची हो?"

काकांनी पाकीट काढलं. गाडीच्या इन्शुरन्सच्या मागे, प्लास्टिकमध्ये, ग्राफ्टच्या डब्यावरचा बारकोडचा छोटा स्टिकर होता. फाइलला एक लावतात, जादाचा त्यांनी मागून घेतला होता.

"हा नंबर आहे बघा, ताई."

आईने तो हातात घेतला, चष्मा लावला, आणि नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत वाचला.